समुद्राकडचा दोर

बळीरामनं पुढचे दोन्ही दोर सोडले, त्यांची नीट वेटोळी करून नावेच्या टोकावर ठेवली आणि मग पायातले कॅनव्हासचे बूट काढून मुलाच्या हातात दिले.

“हाई घालीसन नाव चालत नही,” तो म्हणाला.

हेमराजनं बूट घेतले. उधन्याच्या बाजारातून आदल्याच दिवशी आणलेले, पांढरेशुभ्र. शेठच्या नावेवर आपला बाप अनवाणी दिसू नये, एवढाच त्यामागचा विचार. सकाळपासून म्हातारा ते घालून वावरत होता खरा, पण दुसऱ्याची चप्पल चुकून पायात आल्यासारखा. आता तळवे फळीला टेकल्याबरोबर त्याचे खांदे खाली आले, मान सैल झाली. हेमराजला ते दिसलं आणि बरं वाटलं.

मगदल्ल्याच्या अलीकडे, तापीच्या काठी, कुणा जुन्या लाकूडवाल्याचा धक्का होता. पाण्यात रोवलेल्या खांबांच्या दोन रांगा आणि मधे एक अरुंद गाळा. गाय गोठ्यात उभी करावी तशी शेठची नाव त्यात उभी असे. पाठ काठाकडे, तोंड नदीकडे. पांढरा रंग, एक उंच डोलकाठी, गुंडाळून ठेवलेलं शीड. मुंबईच्या कुणा पारशाकडून शेठनी ती हौसेनं आणली होती. डाव्या हाताला नदी समुद्राकडे जात होती, उजव्या हाताला सुरत. आणि त्या उजव्या हातालाच, खांबांच्या थोडं पुढे, रेती भरलेला एक जाडजूड मालवाहू पडाव नांगर टाकून बसला होता. त्याच्यावर तिघेचौघे मजूर विड्या ओढत होते.

वारा डावीकडून येत होता. समुद्रावरून आलेला, आडवा, उन्हाळ्यातल्या दुपारनंतरचा वारा. धक्क्यावरच्या टपरीचं प्लास्टिक त्यानं फाडून काढायचं ठरवलं होतं.

“काका, निकलें?” भूपेंद्रभाईंनी पानाची पिंक टाकून विचारलं.

शेठ माणूस वाईट नव्हता. सुरतेजवळच्या सचिन गावात त्यांचे लूम होते, आणि त्यांतल्या चार लूमवर हेमराज पंधरा वर्षं उभा होता. कारागिराला नावानं हाक मारणारा मालक सुरतेत शोधावा लागे, आणि भूपेंद्रभाई नावानं हाक मारत. त्यांचा जुना खलाशी दमणला निघून गेला तेव्हा त्यांनी कारखान्यात सहज ती गोष्ट काढली, आणि हेमराज सहज बोलून गेला, “शेठ, माझे वडील नावाडी आहेत.”

सहज म्हणायचं, पण त्या वाक्याची तो दोन वर्षं वाट पाहत होता.

आई गेल्यापासून आबा गावी एकटे होते. गाव तापीच्याच काठचं, पण वर, पार खानदेशात. तिथं बळीराम भोयाची नाव दोन काठांमधे लोक, शेळ्या, नवरदेव, पोती, सगळं वाहायची. मग पूल झाला. पुलाला कुणी नावं ठेवली नाहीत, बळीरामनंसुद्धा नाही. पण नाव काठावर उपडी झाली आणि तिच्या सावलीत गावातली कुत्री बसू लागली. मागच्या थंडीत आबा तापानं फणफणून चार दिवस घरात पडून होते आणि सुरतेला कळलं ते बरे झाल्यावर.  हेमराज दर खेपेला म्हणे, सुरतला चला. आणि बळीराम दर खेपेला एकच उत्तर देई. तुझ्या खोलीत पाहुणा म्हणून बसायला मी येणार नाही. हाताला काम असेल तर येतो. आणि काम म्हणजे कोणतं, हे सांगायची त्याला गरज वाटत नसे.

म्हणजे आजची ही फेरी नीट झाली, की आबा कायमचे सुरतेत, डिंडोलीतल्या त्याच्या खोलीत राहणार होते. नाही झाली तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या गाडीनं परत, त्या रिकाम्या घरात. इतकं सरळ होतं ते.

“वारा जोरमा शे, आबा,” हेमराज हळूच म्हणाला.

“दिसस माले.”

बळीराम सुकाणूपाशी बसला. शेठना त्यानं मधल्या फळीवर बसवलं. गुजराती त्याला बोलता येत नव्हती, पण गुजराती माणसाला अहिराणी समजायला फार यातायात पडत नाही, आणि आज तो खुशीत होता. त्यानं दोन्ही तळहात समोरासमोर धरून शेठना समजावलं.

“वारा इकडथून लोटी,” डावा तळहात त्यानं उजवीकडे ढकलला. “आनि पानी तिकडथून धरी.” उजवा तळहात डावीकडे. दोन्ही हात मधोमध एकमेकांना टेकले आणि थांबले. “नाव मधमाच ऱ्हाई. तापी माय संभाळी लेई.”

शेठनी कौतुकानं मान डोलावली. हिशेब खरोखर सुंदर होता. वारा समुद्राकडून, म्हणजे नावेला सुरतेकडे ढकलणार. नदी समुद्राकडे, म्हणजे नावेला उलट ओढणार. दोघांच्या भांडणात नाव सरळ नाकासमोर बाहेर. असा हिशेब मांडायला पन्नास वर्षं एका नदीवर काढावी लागतात.

मागचे दोन दोर तेवढे राहिले होते. सुरतेकडचा बळीरामनं आधीच सोडायला लावला. समुद्राकडचा हेमराजच्या हातात होता. खांबाभोवती एक वळसा घालून दुहेरी धरलेला, म्हणजे एक टोक सोडलं की सुळकन निघून यावा. वारा नावेला उजवीकडे लोटत होता आणि हा दोर तिला धरून होता. तो हेमराजच्या तळव्यांत ताठ झाला होता, लूमवरच्या ताण्यासारखा.

“मी सांगू तव्हय सोडजो,” बळीराम म्हणाला आणि उठून बांबू हातात घेतला.

हेमराजनं पाण्याकडे पाहिलं ते दोर खांबाला कुठे अडकत नाही ना, एवढंच पाहायला. वाऱ्यानं पाण्यावर बारीक सुरकुत्या पाडल्या होत्या, त्यामुळे ते कुठे चाललंय हे वरवर कळत नव्हतं. पण खांबाला लागून झेंडूची एक जुनी माळ तरंगत आली. कुणीतरी वरच्या अंगाला देवाला वाहिलेली. ती खांबापाशी क्षणभर रेंगाळली, फिरली आणि पुढे गेली. उजवीकडे. सुरतेकडे.

वाहिलेली फुलं नदीतून परत घरी चालली होती.

हेमराजला कळायला वेळ लागला नाही. पंधरा वर्षांत त्यानं नेहरू पुलावरून कितीदा पाहिलं होतं की भरती लागली की तापी पाठ फिरवते. सुरतेतलं शेंबडं पोरही ते जाणतं. जुना खलाशी शेठना निघायची वेळ सांगे ती त्याच हिशेबानं, आणि शेठ त्या वेळेला येत. आता खलाशी नव्हता, म्हणून शेठ जेवून, वामकुक्षी आटोपून, स्वतःच्या सोयीनं आले होते. सकाळी बापलेक पोचले तेव्हा ओहोटी होती आणि पाणी समुद्राकडे पळत होतं. मागच्या रविवारी नाव बघायला आले तेव्हाही तसंच. बळीरामनं दोन्ही वेळा काठावर उभं राहून ते मन लावून पाहिलं होतं, आणि मग टपरीच्या सावलीत भाकर खाऊन झोपला होता. तापी कुठे वाहते हे एका दिवसात दोनदा बघायचं असतं, असं त्याला सत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? येताना बसमधे हेमराजच्या ओठांवर आलं होतं. पण पाण्यातल्या माणसाला पाणी काय शिकवायचं, म्हणून त्यानं ते गिळलं होतं.

वारा सुरतेकडे लोटत होता. पाणीही सुरतेकडेच लोटत होतं. दोघांच्या विरुद्ध उभा होता तो एकटा हा दोर.

“सोड,” बळीराम म्हणाला.

हेमराजनं बापाकडे पाहिलं. म्हाताऱ्याची नजर समोर, नदीच्या मधोमध लागली होती. धोतराचा काचा मारलेला, दोन्ही हातांत बांबू, आणि चेहऱ्यावर ते काहीतरी, जे हेमराजनं आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. शेठ त्याच्याकडे बघत होते. पडावावरचे मजूरसुद्धा बघत होते.

नावेवर तोंड एकच. हे हेमराज बापाकडून शिकला होता, आणि कसं, तेही त्याला आठवत होतं. बारा वर्षांचा असताना भरल्या नावेत तो मधेच ओरडला होता, की ते बघा, खडक. खडक होता. पण त्याच्या ओरडण्यासरशी माणसं एका अंगाला सरकली, नाव कलली, आणि एका बाईच्या कडेवरचं मूल पाण्यात पडता पडता वाचलं. काठाला लागल्यावर बळीरामनं त्याच्या थोबाडीत मारली. खडक मला दिसला होता, तो म्हणाला. सुकाणू ज्याच्या हाती तोच बोलेल, दोरवाल्यानं फक्त ऐकायचं. दोन तोंडांची नाव बुडते.

“सोड ना रे!”

हेमराजनं दोर सोडला.

पहिले दोन-तीन हात नाव सरळ गेली. बळीरामनं बांबू रेटला, शेठ हसले, आणि नावेचं नाक खांबांच्या बाहेर पाण्यात शिरलं. आणि मग त्या नाकाला कुणीतरी हातानं धरून फिरवावं तसं ते उजवीकडे फिरलं. बळीरामनं सुकाणू दाबलं. नाव ऐकेना. त्यानं बांबू टाकला, दोन्ही हातांनी सुकाणू ओढलं. शेपूट अजून गाळ्यात होतं आणि नाक पडावाकडे निघालं होतं. नावेची कूस उजव्या खांबावर आली आणि लांबलचक, दात शिवशिवावेत असा आवाज करत घासत गेली.

“अरे! अरे!” पडावावरचे मजूर उठले.

डोलकाठीला ताणून धरणारी एक तार पडावाच्या कठड्यात अडकली आणि तुटली. शेठ उभे राहायला गेले आणि आपटले. त्यांचा चष्मा उडाला, फळीवर एकदा उसळला आणि पाण्यात गेला. हेमराजनं पडावावर उडी घेतली, पाय रोवले आणि पाठ लावून नावेला अडवून धरलं. मजुरांनी हात दिला. तेवढ्यात शेपूट खांबावर बसलं आणि सुकाणूची फळी कडकन मोडली.

मग सगळं थांबलं. वारा सोडून.

बळीराम मोडलेल्या सुकाणूचा दांडा हातात धरून बसला होता. तो रागावला नव्हता, घाबरलाही नव्हता. तो नावेच्या कडेवरून खाली पाण्याकडे बघत होता. बघत राहिला. विडीचं एक विझलेलं थोटूक पडलं होतं, ते त्यानं उचलून पाण्यात टाकलं. थोटूक उजवीकडे चालू लागलं. तो त्याला नजरेआड होईतो बघत होता.

मजुरांनी दोर टाकून नाव परत गाळ्यात ओढून घेतली. भूपेंद्रभाई धक्क्यावर चढले, कपडे झटकले. कोपराला खरचटलं होतं. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा दिसत होता. नावेच्या कुशीवरचा ओरखडा ते डोळे बारीक करून पाहत होते.

“आ शुं थयुं, हेमराज?” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच कळलेलं नव्हतं, आणि कळून घ्यायचं होतं.

बळीराम नावेतून धक्क्यावर येत होता. एक पाय फळीवर, एक वर. त्यानं तोंड उघडलं होतं. काय बोलणार होता, ते आता कुणालाच कळणार नाही. कारण हेमराज आधी बोलला.

“शेठ, भूल मारी,” तो म्हणाला. “दोरडुं में मोडुं छोड्युं. आबांनी सांगितलं तेव्हा सोडायला पाहिजे होतं. मी उशिरा सोडलं, म्हणून नाव फिरली.”

तो हे पटापट, एका दमात बोलला. लूमवर धागा तुटला की हात आपोआप जातो आणि गाठ मारून मोकळा होतो, तसा. बोलून झाल्यावर त्याला हायसं वाटलं. केवढं सोपं होतं.

बळीरामचा पाय फळीवरच राहिला. त्यानं मुलाकडे पाहिलं. मग तोंड मिटलं, दुसरा पाय वर घेतला आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

भूपेंद्रभाईंनी मान हलवली. हेमराजवर ते वैतागले, पण बेतानंच. लूमवाल्याच्या हातात दोर द्यायचाच कशाला, असं काहीतरी ते गुजरातीत पुटपुटले. मग म्हाताऱ्याकडे वळले. त्याच्याशी ते हिंदीत बोलत, आदरानं.

“काका, इसमें आपका क्या दोष? नाव तो मैं ठीक करवा लूँगा. आठ-दस दिन में आप आ जाओ. मेरा दूसरा आदमी देता हूँ साथ में. इसको मत लाना.” ते हसलेसुद्धा. “ये लूम पे ही अच्छा है.”

झालं होतं. काम मिळालं होतं. हेमराजला उडी मारावीशी वाटली. आबा राहणार. ओरखडा भरून निघेल, सुकाणू नवं बसेल, चष्मा तर शेठकडे तीन असतील. त्यानं बापाकडे पाहिलं, की आता तो हात जोडेल, काही बोलेल.

बळीराम म्हणाला, “शेठ, नाव ज्यानी शे, त्याले इचारा.”

“क्या?”

“चूक ज्यानी, नाव त्यानी.” त्यानं हेमराजकडे बोट दाखवलं नाही. नुसती मान त्या बाजूला केली. “मी त्या नावमा नव्हतू.”

शेठना ते कळलं नाही. त्यांनी हेमराजकडे पाहिलं, की सांग बाबा.  बळीरामनं शेठना वाकून नमस्कार केला, अगदी रीतसर, आणि रस्त्याच्या दिशेनं चालू लागला. अनवाणी. हेमराज बूट घेऊन मागून धावला.

सिटी बसला गर्दी नव्हती. दोघांना जागा मिळाली. बळीराम खिडकीशी बसला. खिडकीतून गरम हवा येत होती.  मग म्हातारा खिडकीबाहेर बघतच म्हणाला,

“पानी फिरनं, ते तुले दिसनं व्हतं?”

हेमराजच्या मनात आलं की नाही म्हणावं. एकदा खोटं बोलून झालंच होतं, दुसऱ्याला काय लागतं.

“हा,” तो म्हणाला.

“दोर सोडाना पहिले?”

“हा.”

“आनि सोडा.”

“तुम्हीन सांगं सोड, मी सोडं.”

बळीरामनं मान डोलावली. एकदा, दोनदा. “ते बरोबर करं,” तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. खरंच त्याला ते बरोबर वाटत होतं, आणि म्हणूनच हेमराजला तो शब्द सोसेना. त्यानं शिव्या दिल्या असत्या, पोरा, तोंडात काय मीठ धरलं होतंस, असं विचारलं असतं, तर किती बरं झालं असतं.

बस थांबली, चार माणसं चढली, बस सुटली.

“मंग शेठपुढे काबर बोलना?” बळीराम म्हणाला.

“तुमनं काम जाई, म्हनीसन.”

“हं.”

“आबा, काम ऱ्हायनं ना. शेठ बोलावतस तुम्हले. दहा दिनमा...”

“पन्नास वरीस,” बळीराम म्हणाला. तो भांडत नव्हता, स्वतःशीच मोजत होता. “खडकवर घाली, गाळमा घाली, एकदा तं पाटलाना बैल बुडाडा. पन काठवर ऊनू का मीच सांगे. हाई मी करं. लोक मारेत का, शिव्या देत का, देवोत. माले सांगू देत.” त्यानं आपले तळवे मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांकडे पाहिलं. “आज तू सांगू नही दिनं.”

हेमराजच्या हातात बुटांची जोडी होती. तिचे बंद तो उगाच बोटाभोवती गुंडाळत राहिला. दोन्ही वेळा त्यानं जे केलं ते मायेनंच केलं होतं, असं तो स्वतःला सांगू पाहत होता. पण मनात एक बारीकशी जागा होती, जिथं ते बसत नव्हतं. दोर हातात ताठ झाला होता तेव्हा एका क्षणापुरतं त्याला वाटलं होतं, की बघू या, आबांना कळतं का. एवढंच. तेवढा तो क्षण त्याला जन्मभर कुणापुढे उघडता येणार नव्हता, कारण ज्याच्यापुढे उघडायचा तो शेजारीच बसला होता.

घरी आल्यावर योगितानं, त्याच्या बायकोनं, दार उघडलं. नवऱ्याचं तोंड बघून तिनं ओळखलं. सासऱ्याला पाणी दिलं, चहा टाकला. आबा नेहमीप्रमाणे दाराशी उंबऱ्याला टेकून बसले.

हेमराजनं गृहीत धरलं होतं की आता पिशवी भरली जाणार. आखाजी तोंडावर होती. डिंडोलीतली अर्धी बिऱ्हाडं भुसावळच्या गाडीच्या तिकिटांसाठी रांगेत उभी होती. माहेरवाशिणी, झोके, गौराईची गाणी, सगळी सुरत त्या आठवड्यात खानदेशात रिकामी होत असे. आबांनाही त्याच गाडीत बसवून द्यावं लागणार, आणि मग पुन्हा ते घर, तो एकटेपणा, कुणाच्या तरी हाती येणारा निरोप. त्यानं भांडायची तयारी करून ठेवली. पाया पडायचीही.

सकाळी पाळीवर निघताना तो डबा घेत होता तेव्हा बळीराम म्हणाला,

“आखाजीले तुम्ही सगळा जा. मी आठेच ऱ्हासू.”

हेमराज थांबला. “गावले नही येत?”

“काय तोंड लीसन जाऊ? सगळास्ले सांगी ऊनू, सुरतले शेठनी शिडनी नाव चालाडाले जास.” तो किंचित हसला, आपल्याच फजितीवर हसतात तसं. “आते आठेच बरं.”

“मंग शेठकडे...”

“नही.”

योगिता चुलीपाशी थबकली होती. कायम राहणार, असं तिनं नजरेनंच हेमराजला विचारलं. दोन वर्षं जे दोघं नवरा-बायको मागत होते, ते समोर उंबऱ्याशी बसलेलं होतं. हेमराजनं डबा पिशवीत ठेवला. काहीतरी बोलायला हवं, म्हणून तो म्हणाला,

“बरं झालं, आबा. ऱ्हा. आराम करा.”

“आराम कसाना,” बळीराम म्हणाला. आणि मग, कारखान्याची गोष्ट विचारायला लाज वाटणाऱ्या नव्या पोरानं विचारावं तसं, खालच्या आवाजात, “तुमना कारखानामा बॉबिन भराले म्हातारा मानसंस्ले लेतस का रे?”

घेत असत. नजर अधू झालेले, पाय थकलेले जुने कारागीर एका रांगेत भिंतीशी बसून यंत्राच्या चातीला बॉबिन लावत आणि भरलेली काढून घेत. दिवसभर. मान खाली. हेमराजनं त्यांना रोज पाहिलं होतं आणि रोज मनात म्हटलं होतं, आपले आबा तरी असे नाहीत.

“लेतस,” तो म्हणाला.

“मंग इचार.”

बळीराम उठला. कोपऱ्यात ठेवलेले पांढरे बूट त्यानं पुढे ओढले, उंबऱ्यावर बसून एकेक पायात घातले आणि बंद बांधायला वाकला. ते कसे बांधायचे हे त्याला जमेना. हेमराज खाली बसला आणि त्यानं बापाच्या बुटांचे बंद बांधून दिले.